बिस्किटाचा पूर्वपक्ष

४ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. माझे पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल आणि वाचून होईपर्यंत त्या आश्चर्याचा आनंद होईल. त्या आनंदाला मी आधीच हरकत नोंदवून ठेवते.

पत्रच का, ते सांगते. आमच्या घरातला फोन हे उचलतात. निवृत्त माणसाला सांभाळायला एखादे खाते लागते. यांनी फोनचे घेतले आहे. पलीकडचा माणूस माझ्याशी बोलत असला तरी हे शेजारी बसून मान हलवतात आणि मधूनच उत्तरही देतात. म्हणून तुझे उत्तर घरी पाठवू नकोस. मी दुपारी वाचनालयात बसते, त्या पत्त्यावर पाठव. ग्रंथपाल बाई मितभाषी आहेत, हा गुण आपल्या कुटुंबात दुर्मीळ.

आता विषय. गेल्या आठवड्यात यांच्या हृदयाची तपासणी झाली. एक झडप बदलावी लागेल. शस्त्रक्रिया जानेवारीत, पण तोवर रक्तातली साखर उतरली तरच. न उतरल्यास ती पुढे ढकलावी लागेल, आणि पुढे ढकलण्याइतकी सवड या हृदयाकडे नाही, असे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. यांनी सर्व शांतपणे ऐकले. चहातली साखर सोडतो म्हणाले. तळलेले सोडतो म्हणाले. मग डॉक्टरांच्या टेबलावर बोट टेकवून म्हणाले, "वर्षअखेरची बिस्किटं मात्र आमच्या आईची आहेत. त्यांना कुणी हात लावायचा नाही. चवीत फरक पडला तर मी बाजारातून आणून खाईन, आणि किती खाईन ते सांगणार नाही."

सासूबाईंची बिस्किटे तुला ठाऊक आहेत. जितका मैदा तितके लोणी, आणि साखर दातांना ऐकू येईल इतकी. सुट्टीला आपण सगळे जमतो तेव्हा पाहुण्यांसाठी म्हणून ती भाजायची, असा शिरस्ता. प्रत्यक्षात नोव्हेंबरात पहिला डबा भरतो, जानेवारीत शेवटचा रिकामा होतो, आणि मधला सगळा माल एकाच पोटात जातो.

यातून जो निष्कर्ष निघतो तो मला मुळीच आवडलेला नाही, पण निष्कर्ष आवडीवर ठरत नाहीत. यांना कळू न देता हलकी बिस्किटे करणे भाग आहे. आणि हलकी बिस्किटे करण्याचे कर्तृत्व आपल्या कुटुंबात एकाच व्यक्तीच्या नावावर आहे. गेल्या वर्षी तू ती टेबलावर ठेवलीस तेव्हा मी तीन आक्षेप घेतले होते. ते कायम आहेत. तरी, केवळ गृहीतक म्हणून, कृती पाठव. खोटे विधान घटकाभर खरे मानून पुढे जाण्यात कमीपणा नसतो, असे मी तर्कशास्त्राच्या वर्गात दरवर्षी सांगत असे. स्वतःवर वेळ येईल असे वाटले नव्हते.

तुझी,
थोरली


११ ऑक्टोबर

ती. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. दादांचं वाचून हातातलं काम तसंच टाकलं, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही मला काळीज नसलेली म्हणणार नाही.

तुमचे तीन आक्षेप मला पाठ आहेत, कारण ते सगळ्या टेबलाला पाठ आहेत. एक, हे बिस्किट नसून बिस्किटाविषयीचं मत आहे. दोन, चव अशी, की या कागदात कधीकाळी बिस्किट गुंडाळलं असावं. तीन, ज्याला असलं बिस्किट लागतं त्याला बिस्किट नको, डॉक्टर हवा. तिसऱ्याला तुमचे धाकटे दीर इतके हसले, की त्यांना ठसका लागला. माझेच यजमान आहेत ते. तेव्हा विसर पडला होता त्यांना.

मग मी तोंड उघडणार, तर तुम्ही म्हणालात, "ही दातांची डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं उघडते, स्वतःचं मिटलेलं बरं." मी मिटलं. वर्षभर मिटून ठेवलंय, वहिनी. आता तुम्ही खुर्चीत बसलाय.

माझी एकच अट. तुम्हीच नेहमी सांगता, खंडन करण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपण त्याच्यापेक्षा चोख मांडायचं, इतकं, की त्यानं मान डोलवावी आणि म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं. माझं खंडन तर झालं. पूर्वपक्ष राहिला. तो मांडा. हलक्या बिस्किटाची बाजू, तुमच्या अक्षरात. माझी मान डोलली, की पुढची पायरी.

पहिली पायरी अशीच देते, दादांसाठी. लोणी एकदम तोडू नका, पाव हिस्सा कमी करा. उरलेलं मंद आचेवर कढवा, तपकिरी होईपर्यंत. तळाशी बेरी बसेल ती गाळून टाकायची नाही, सगळी चव तिच्यात असते. थोडं लोणीही भरपूर असल्यासारखं वाटतं ते तिच्यामुळे. साखरही पाव हिस्सा कमी, आणि तिची उणीव झाकायला संत्र्याची किसलेली साल आणि मिठाची चिमूट.

आणि दादा विचारतील, प्रमाण तेच का. तेव्हा खोटं बोलावं लागेल. जमेल ना? तुम्ही पाहुण्यांनासुद्धा "फार लवकर निघालात" म्हणत नाही.

तुमची,
धाकटी


६ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. पूर्वपक्ष मागण्याचा तुझा अधिकार मी मान्य करते. नियम माझाच आहे, आणि माझ्याच नियमात मला बांधण्याइतकी अक्कल तुला कुठून आली याचा तपास सवडीने करीन.

पूर्वपक्ष असा: "काही माणसांना बिस्किट हवे असते, पण बिस्किटात जे असते त्यातले काहीच नको असते. अशांसाठी हलके बिस्किट ही एक सोय आहे. सोयीला चव असावी असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल." मान डोलाव.

पहिला डबा परवा भरला. बेरीबद्दल तू लिहिलेस ते खरे निघाले. घरभर असा वास सुटला, की खालच्या मजल्यावरची शिकवणीची मुले पाढे विसरली म्हणे. हे हातातले वर्तमानपत्र घडी न करता स्वयंपाकघरात आले, ही गोष्ट आमच्या संसारात क्वचित घडते.

ट्रेमधून एक उचलले. लगेच खाल्ले नाही. तळहातावर ठेवून खिडकीपाशी उभे राहिले, बराच वेळ. मला वाटते आईची आठवण आली असावी. जन्मभर दुकानादुकानांतले तराजू तपासत हिंडलेला वजनमापे निरीक्षक, पण आईच्या बाबतीत अजून हळवा आहे. मग खाल्ले. "आईचीच," म्हणाले. मी निश्वास सोडणार तोच, "प्रमाण तेच ना?"

तू ज्या प्रसंगाची वाट पाहत होतीस तो हाच. तुझी निराशा होणार आहे. मी म्हटले, "प्रमाण बदलण्याचं मला कारण काय?"

बारकाईने पाहा. हे विधान नाही, प्रश्न आहे. विधान खरे किंवा खोटे असते. प्रश्न दोन्ही नसतो. मी खोटे बोललेले नाही. यापुढेही या विषयावर मी केवळ प्रश्नांतच बोलणार आहे.

हे "हं" म्हणाले आणि आणखी दोन घेऊन गेले. एरवी पाच नेतात. तुझी पहिली पायरी टिकली. दुसरी पाठव.

तुझी,
थोरली


१२ नोव्हेंबर

ती. वहिनींना,

नमस्कार. मान डोलली नाही. मान दुखली. तुमच्या वर्गात कुणी असा पूर्वपक्ष मांडला असता तर तुम्ही तिला व्हरांड्यात उभं केलं असतं. त्यात माझी बाजू कुठे आहे? ते तर चौथं खंडन आहे, साडी बदलून आलेलं.

दुसरा प्रयत्न करा. तरी पायरी पाठवते, कारण मान माझी आहे, पण साखर दादांची.

दुसरी पायरी: सफरचंदं सोलून, शिजवून, त्यांचा गर कढईत आटवा, पाणी पार उडेपर्यंत. आता सासूबाईंच्या कृतीत जिथे जिथे लोणी म्हटलंय, तिथे तिथे निम्मं लोणी आणि निम्मा हा गर. गरामुळे बिस्किट पावासारखं मऊ पडू पाहतं, म्हणून पातळ लाटायचं, ओव्हन मंद ठेवायचा आणि जरा जास्त वेळ भाजायचं. मोठा साचा कपाटात टाका, लहान काढा. माणूस बिस्किटं नगावर मोजतो, एक म्हणजे एक, मग ते केवढंही असो. माझे पेशंट "दिवसाला एकच चॉकलेट" म्हणतात, तेव्हा मी आधी त्यांच्या घरातल्या चॉकलेटचा आकार विचारते.

तुमचे प्रश्न इथे वाचून दाखवले. तुमचे दीर म्हणाले, "वहिनी वकील झाली असती तर अर्धं गाव सुटलं असतं." उरलेल्या अर्ध्याचं काय, ते बोलले नाहीत.

एक विचारू? दादा बिस्किट हातावर धरून नक्की काय करत होते? आईची आठवण आलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला प्रमाण विचारत नाही.

तुमची,
धाकटी


२० नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. घडलेल्या अनर्थाची जबाबदारी तुझ्या एका वाक्यावर आहे, हे मी सिद्ध करू शकते.

तू लिहिलेस, "जिथे जिथे लोणी, तिथे तिथे निम्मा गर." "जिथे जिथे" म्हणजे अपवाद नसलेले विधान. सासूबाईंच्या कृतीत लोणी तीन जागी येते: पिठात, लाटताना हाताला, आणि शेवटी ट्रेला. मी तिन्ही जागी तुझी आज्ञा पाळली. पिठात काही बिघडले नाही. हाताला गर लावल्यावर पीठ माझ्या बोटांना सोडेना, तरी मी तुझ्या विधानावरचा विश्वास सोडला नाही. ट्रेला गर फासला. तासाभराने ओव्हनमधून जे बाहेर आले त्यात ट्रे आणि बिस्किटे हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे केवळ स्मरणाने सांगता येत होते.

हे आले. काही न बोलता माळ्यावरून आपली जुनी नोकरीतली पेटी काढली, तिच्यातली पातळ पोलादी पट्टी पुसून आणली आणि खुर्ची ओढून एकेक बिस्किट सोडवायला बसले. किती नाजूकपणे. अर्धी वाचली.

"आईची चिकटत नसत," म्हणाले.

"ट्रे किती जुना झालाय?" मी विचारले.

"कडेला फळासारखा वास येतोय."

"मघाशी सफरचंद कुणी खाल्लं इथे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग तळहातावर एक बिस्किट घेतले, तसेच, पहिल्यासारखे, आणि खिडकीपाशी गेले. आईची आठवण नाही तर दुसरे काय, ही तुझी शंका मी नोंदवून ठेवते. पण चाळिशी पार केलेल्या संसारात काही मुद्रा आपण वाचू शकतो.

पूर्वपक्षाला मजकूर सुचलेला नाही. माझ्या बोटांवरून अजून तुझी कृती निघालेली नाही.

तुझी,
थोरली


२५ नोव्हेंबर

ती. वहिनींना,

ट्रेला सफरचंद. वहिनी, मी हे पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा दवाखान्याची दारं लावून घ्यावी लागली. माझ्या खुर्चीत बसून कुणी "सगळे दात दुखतात" म्हणालं तर मी सगळे काढत नाही हो. ट्रेवर कागद अंथरा आणि हाताला कोरडा मैदा लावा. ही पायरी नव्हे, ही दया.

तिसरी पायरी सगळ्यांत मोठी आहे. ती कळली की स्वर्गात सासूबाईसुद्धा फसतील. पण आता खरोखर पूर्वपक्ष आल्याशिवाय पाठवणार नाही. तुम्ही हरकती इतक्या सुंदर घेता. एकदा कुणाची बाजू घेऊन बघा. त्यानं कुणी मरत नाही.

तुमची,
धाकटी


१४ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,

तुझे पत्र मला उशिरा मिळाले, कारण मधले दिवस मी वाचनालयात गेले नाही.

महिनाअखेरीला हे भाजी घेऊन येताना जिन्यात बसले. पडले नाहीत, बसले. पिशवी शेजारी नीट ठेवली आणि मग शुद्ध गेली. खालच्या शिकवणीच्या बाईंनी रुग्णालयाची गाडी बोलावली. आठवडाभर रुग्णालयात होते. आता घरी आहेत. तुम्हा दोघांना मुद्दाम कळवले नाही. कळवले असते तर तुम्ही आला असता, तुम्ही आलात तर गंभीर आहे हे यांना कळले असते, आणि यांना भीती वाटली की हे हट्टाने वागतात. तेव्हा रागावू नकोस. रागावायचेच असेल तर या साखळीतली कुठली कडी चुकली ते दाखवून मग रागाव.

साखर उतरली आहे. पुरेशी नाही, पण उतरली. डॉक्टरांना कारण कळेना. मला कळते.

गाडीत यांना शुद्ध आली. तोंडावर प्राणवायूची नळी होती. ती बाजूला सारून यांनी मला विचारले, "डब्याचं झाकण लावलंस का? मऊ पडतील."

मी म्हटले, "हो."

झाकण लावले नव्हते. डबा ओट्यावर उघडा होता, मला तो डोळ्यांसमोर दिसत होता. आणि माझा एकही प्रश्न मला सुचला नाही. तुझ्या माहितीसाठी नोंद करते: हे विधान होते, आणि ते खोटे होते.

पूर्वपक्ष असा: "हलके बिस्किट बिस्किट म्हणून उणेच असते. करणाऱ्याला ते इतर कुणाहून अधिक ठाऊक असते. तरी तो ते करतो, कारण खाणारा पुढच्या वर्षीही टेबलाशी बसलेला त्याला हवा असतो. पुढच्या वर्षी त्याने नावे ठेवली तरी चालेल. नावे ठेवायला तो असला म्हणजे झाले."

खंडन शोधले. सापडले नाही.

तुझी,
थोरली


१८ डिसेंबर

ती. वहिनींना,

हो. मला हेच म्हणायचं होतं. इतकं चांगलं मला म्हणता आलं नसतं, म्हणून तर गेल्या वर्षी गप्प बसले.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी परत घेते. कुठलं, ते तुम्हाला कळेल. ते लिहिलं तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

तिसरी पायरी: पिठात साखर आणखी निम्मी करा आणि त्यातली चमचाभर बाजूला काढून ठेवा. बिस्किटं भाजून अजून गरम असताना ती वरून भुरभुरवा. जीभ पहिल्यांदा जिथे टेकते तिथेच गोड असलं, की आत किती आहे ते ती विचारत नाही. चॉकलेट घालत असाल तर दाणे नकोत, सुरीनं भुगा करा, म्हणजे थोडं सगळीकडे पोचतं. बस. यात मोठं काही नाही. अडवून धरायला म्हणून मोठं म्हटलं होतं.

आम्ही सुट्टीला ठरल्याप्रमाणे येतोय. मीही डबा आणते. न आणला तर दादांना संशय येईल.

तुमची,
धाकटी


२१ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. तुझी वहिनी वाचनालयात गेली आहे, म्हणून लिहितो. हे पत्र तुझ्यामाझ्यात राहावे.

तपासणीअंती आढळलेल्या बाबी पुढीलप्रमाणे. नोव्हेंबरच्या आरंभी किंवा त्यानंतर आमच्या घरी तयार झालेला सर्व माल कमी वजनाचा आहे. आईचं बिस्किट हातावर कसं बसतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि पुढे सरकारनं मला हाताला वजन कळण्याचाच पगार दिला. पहिलंच उचललं आणि कळलं. दुसऱ्या खेपेला तर साचाही बदललेला. शिवाय ज्या बाईनं उभ्या संसारात मला एकही गोष्ट विचारली नाही, फक्त सांगितल्या, ती एकाएकी प्रश्नांतच बोलू लागली. "मघाशी सफरचंद कुणी खाल्लं इथे?" घरात आम्ही दोघंच.

नियमाप्रमाणे मी माल जप्त करायला हवा होता. नोकरीत एकदाही सोडला नाही, ओळखीच्या दुकानदाराचासुद्धा. हा सोडला. पहिल्या दिवशी वाटलं, सांगावं, की कळलंय. मग बघितलं तर ती ओव्हनच्या काचेपुढे स्टूल टाकून बसली होती, परीक्षेचे पेपर तपासायला बसायची तशी, ताठ. तिला या भानगडी मुळीच आवडत नाहीत, तुला माहीत आहे. मी मुकाट दोन उचलून बाहेर आलो. पाच खाववत नव्हती, खरं सांगायचं तर. सफरचंदाची तर चव कागदासारखी होती, तिथेच कृती तुझी हे कळलं. राग मानू नकोस.

आता दुसरं. झडप बदलायच्या कागदावर मी सही केलेली नाही, हे तिला ठाऊक नाही. तिला वाटतं, अडलंय ते साखरेवर. अडलं होतं माझ्यावर. टेबलावर झोपायचं आणि छाती उघडायची, याची मला भीती वाटत होती. बिस्किटांचा हट्ट धरला, की तेवढे दिवस बोलायला दुसरा विषय मिळत होता. गाडीत तिनं मला "हो" म्हटलं. डबा उघडा होता, मी भाजीला निघताना बघितला होता. ती माझ्यासाठी तोंडावर खोटं बोलली. तेव्हा ठरवलं, सही करायची.

सुट्टीला तुझा डबा जरूर आण. दोन्ही टेबलावर राहू देत. आणि मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. एवढ्या मेहनतीनं केलेली लबाडी फुकट गेली असं तिला वाटायला नको.

तुझा,
दादा


५ जानेवारी

ती. वहिनींना,

नमस्कार. सुखरूप पोचलो.

माझी कीव करा. दोन डबे, एकच कृती, एकच साचा, आणि टेबलाभोवती सगळं कुटुंब. तुम्ही माझ्या डब्यातलं एक उचललंत, कागदासारखी चव असल्याचं सांगितलंत, ते बिस्किटाविषयीचं मत असल्याचं सांगितलंत, आणि चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. शेजारी दादा तुमच्या डब्यातलं खात म्हणत होते, "बघ, याला म्हणतात आईची बिस्किटं." तुमचे दीर दोन्ही डब्यांतली आळीपाळीनं खाऊन म्हणाले, "जमीन अस्मानाचा फरक आहे." त्यांना खरंच वाटला. त्यांच्याशी मी घरी येऊन बोलले.

दातांच्या डॉक्टरनं दोन बाजूंनी दोन गोष्टी ऐकून स्वतःचं तोंड मिटून ठेवणं काय असतं, ते तुम्हाला कळायचं नाही, आणि यापेक्षा जास्त मी लिहिणारही नाही.

साखर उतरली, तारीख मिळाली आणि दादांनी सही केली, हे कळलं. त्या दिवशी आम्ही येतो. नको म्हणू नका, साखळी-बिखळी मांडू नका. येतो.

तुमची,
धाकटी


२३ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. तुम्ही दोघे परवा इथून निघालात तेव्हा हे नीट शुद्धीवर नव्हते, म्हणून पुढचे कळवते. रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहीत आहे. अक्षराला नावे ठेवू नकोस.

झडप उत्तम बसली आहे. डॉक्टर समाधानी आहेत आणि समाधानी डॉक्टर जितका कंटाळवाणा असतो तितके झाले आहेत.

काल दुपारी यांनी डोळे उघडले. मी उशाशी होते. यांनी माझा हात घेतला आणि आपल्या तळहातावर ठेवला, नुसता, बोटे न मिटता. आणि खिडकीकडे पाहत राहिले, बराच वेळ. ती मुद्रा मी ओळखली. या वेळी बरोबर ओळखली.

मी विचारले, "वजन बरोबर आहे ना?"

"कमी भरतंय," म्हणाले. "बिस्किटांसारखंच. जेवत नाहीस का तू?"

धाकटे, "बिस्किटांसारखंच" या एका शब्दातून तीन महिन्यांची सगळी मांडणी कोसळली. मी म्हटले, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

तर हे म्हणतात, "मला माहीत नसायला काय झालं?"

प्रश्न. खरा नाही, खोटा नाही. माझीच पद्धत, छातीला टाके घातलेल्या माणसाकडून. परिचारिका आत आली आणि मी हसते आहे की रडते आहे ते न कळून बाहेर गेली.

तूही सामील होतीस, हे मी ५ जानेवारीच्या तुझ्या पत्रावरून आता सिद्ध करू शकते. करणार नाही. तुझ्या मौनाला, जे एकदा मीच तुझ्यावर लादले होते, मी आज दाद देते. हे वाक्य पुन्हा मागू नकोस.

एक काम आहे. बिस्किटांचा एक डबा पाठव, सासूबाईंच्या मूळ प्रमाणाचा: जितका मैदा तितके लोणी, साखर दातांना ऐकू येईल इतकी, आणि मोठा साचा. खाणारी मी आहे. यांनी हुकूम काढला आहे, की रोज पाच, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि प्रत्येक बिस्किट आधी हातावर ठेवून पाहणार. तुझ्याकडूनच मागवते, कारण पूर्ण लोण्याचे पीठ मळायची माझी सवय तूच मोडलीस.

घरी गेल्यावर यांच्यासाठी तुझीच कृती करीन. यांनी चवीबद्दल आजच पहिला आक्षेप घेतला. मी ऐकून घेतला. आणखी दोन आहेत म्हणतात.

तुझी,
थोरली